जाळीच्या मागच्या सीटा

बेसबॉल हे आमच्या घरात बाप-लेकीचं खातं होतं. उन्हाळ्यातल्या रविवारी दोघं डबे घेऊन निघायची, क्रेगीबर्नहून मेलबर्नच्या पार दुसऱ्या टोकाला तासभर गाडी हाणायची आणि संध्याकाळी लालबुंद होऊन परत यायची. मी कधी गेले नाही. तो दिवस मला घरात एकटीला मिळायचा आणि तेवढं मला पुरत होतं. शिवाय मी स्वतः पुण्यात कॉलेजच्या टीममधून चार वर्षं सॉफ्टबॉल खेळले आहे, शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये. नवऱ्याने मला पहिल्यांदा पाहिलं तेही मैदानावरच. तो मुलांच्या टीमचा राखीव खेळाडू होता, त्यामुळे त्याला बघत बसायला भरपूर वेळ असायचा. मला मात्र दुसरे खेळताना नुसतं बसून बघणं जमत नाही. हात शिवशिवतात.

त्या वर्षी मार्चच्या पहिल्या आठवड्यात तो पुण्याला गेला. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन होतं. तीन आठवड्यांची रजा, परतीचं तिकीट, सगळं रीतसर. मग कोरोनामुळे दोन्ही देशांनी दारं लावून घेतली आणि तो तिकडेच राहिला. यात कोणाचीच चूक नव्हती, हे मला कळत होतं. सरकारी यादीत नाव घालायचं, विमान ठरायचं, रद्द व्हायचं, पुन्हा यादी. सहा-सात महिने हेच चाललं. ऑक्टोबरच्या शेवटी मात्र त्याला दिल्लीहून खरोखरीची सीट मिळाली.

निघायच्या चार दिवस आधी सासूबाई न्हाणीघरात पुन्हा पडल्या. हाड मोडलं नाही, पण दिवसभर त्यांच्याजवळ असायची ती बाई लॉकडाउनपासून येत नव्हती आणि त्यांना एकटं टाकून निघायला त्याचा पाय उचलेना. त्याने सीट सोडली. सोडली, आणि मग मला फोन केला. त्याच्या जागी मी असते तर मीही सोडली असती. पण आधी फोन केला असता. मी फक्त "बरं" म्हटलं, आणि त्या दिवसापासून व्हिडिओ कॉल बंद केला.

कॅमेरा बिघडलाय, असं त्याला सांगितलं. मी एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणं हाच माझा धंदा. इतकी पोकळ सबब कोणी मला दिली असती तर मी ती पहिल्या मिनिटाला पकडली असती. त्यानेही पकडली असणार. सुरुवातीला तो म्हणायचा, "फोनवरून लाव ना. जरा बघू दे तुला." मी म्हणायचे, "बघण्यासारखं काही नाही." मग त्याने म्हणणं सोडलं. पुढे आम्ही बोललो ते गाडीचा रेगो, म्हणजे नोंदणीचे पैसे, कधी भरायचा, गवत कोण कापणार, या आठवड्यात कचऱ्याचा हिरव्या झाकणाचा बिन बाहेर ठेवायचा की पिवळ्या, एवढंच. मला त्याचा राग होता आणि मला त्याची आठवण येत होती. दोन्ही एकदम असलं की माणूस बिनवरच बोलतो.

मुलगी तेव्हा सोळा वर्षांची, अकरावीत. तिचं सगळं वर्ष तिच्या खोलीत, लॅपटॉपसमोर गेलं. जेवायला बाहेर यायची, "थँक्स आई" म्हणायची आणि ताट घेऊन परत आत. बापाशी मात्र रोज बोलायची, दार लावून. आतून हसण्याचा आवाज आला की मी भांडी जरा जोरात घासायचे.

डिसेंबरात राज्यांच्या सीमा उघडल्या आणि बेसबॉलचा सीझन सुरू होणार असं ठरलं. एका संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. बिनचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "कॅनबेराला आपल्या टीमची मॅच आहे. बाहेरगावची एक मॅच दाखवीन असं मी तिला प्रॉमिस केलं होतं. तू घेऊन जाशील?"

"सहाशे किलोमीटर?"

"नाही जमलं तर राहू दे." मग म्हणाला, "आणि एखादा फाउल बॉल आला तर माझ्यासाठी घेऊन ठेव. सहा वर्षं बसतोय तिथे, एक हाताला लागला नाही."

बेसबॉलमध्ये असा तिरका उडून प्रेक्षकांत आलेला बॉल ज्याच्या हाताला लागेल त्याचा. तो परत द्यायचा नसतो, घरी न्यायचा. हे मला माहीत होतं, कारण त्याने मला ते सहा वर्षांत साठ वेळा सांगितलं होतं. मी बरं म्हटलं. निदान एक ठरलेलं काम तरी होतं. बॉल आणायचा, कपाटावर ठेवायचा, विषय संपला.

शनिवारी पहाटे निघालो. आमच्या घरापासून ह्यूम हायवे दोन मिनिटांवर. हिवाळाभर, देशातली सगळ्यात मोठी साथ मेलबर्नात होती तेव्हा, त्याच रस्त्यावर थोडं पुढे पोलिसांची चौकी होती. त्यापलीकडे जायला कागद लागायचा. आता चौकी गेली होती, पण केशरी शंकू कडेला रचून ठेवलेले होते, न जाणो पुन्हा लागले तर. मुलीने कानात इअरफोन घातले. मी थालीपीठं आणि लोणचं फॉइलमध्ये बांधून घेतलं होतं. ऑल्बरीच्या अलीकडे तिने एक थालीपीठ मागितलं, ते खाल्लं आणि झोपली. बाकी रस्ता मी आणि ट्रक.

मोटेलच्या काउंटरवरच्या बाईने आमचा पत्ता वाचला आणि सॅनिटायझरची बाटली हळूच आमच्याकडे सरकवली. "मेलबर्न, हं?" ती म्हणाली. मी म्हटलं, "हो, पण आम्ही धुऊन आलोय." ती हसली नाही. मुलगी म्हणाली, "आई, प्लीज."

रविवारी सकाळी मुलीने माझ्या बॅगेतून पोपटी कुडता काढून पलंगावर ठेवला. तो मी बॅगेत भरलेलाच नव्हता.

"हा घाल," ती म्हणाली.

"मॅचला कोण असं जातं?"

"इट्स हॉट. लाइट कलर बरा."

पोपटी रंग लाइट कधीपासून झाला, हे मी विचारलं नाही. सोळा वर्षांची मुलगी आपण होऊन आपल्या कपड्यांत लक्ष घालते आहे म्हटल्यावर वाद घालण्यात शहाणपण नव्हतं. तो कुडता नवऱ्याने आणलेला होता, आणि मी वर्षभर त्याला हात लावलेला नव्हता.

मैदान लहान होतं. एक छपराचा स्टँड, दोन्ही बाजूंना उघडे बाक, पलीकडे निलगिरीची झाडं आणि त्यांवर भांडणारे काकाकुवे. दारात फोनवर नाव-नंबर नोंदवून घेतलं, हातांवर सॅनिटायझर ओतलं. सीटांवर एकाआड एक पिवळी पट्टी लावलेली. कॅनबेरात मास्क कोणी घालत नव्हतं. मी घातला होता. मेलबर्नच्या हिवाळ्याने तो चेहऱ्यावर बसवला होता. आमच्या टीमची माणसं सगळी मिळून आठ-दहा असतील आणि आम्ही सगळे एकमेकांना बघून न बघितल्यासारखं करत होतो, जणू कोणी हुंगून काढेल.

मुलीने काढलेल्या सीटा बॅटरच्या बरोब्बर मागे होत्या, उंच जाळीच्या पलीकडे, तिसऱ्या रांगेत. बसल्या बसल्या मी म्हटलं, "इथे बॉल येणार नाही. समोर जाळी आहे."

"बेस्ट व्ह्यू आहे आई."

"व्ह्यू काय चाटायचाय? बाबाला बॉल हवाय ना?"

"जस्ट सिट ना. आणि ती टोपी काढ, विअर्ड दिसतेस."

"ऊन आहे."

"आई, छप्पर आहे वर."

छप्पर होतं. तरी टोपी मी काढली नाही. सांगितलं की ऐकायचं नाही, हा आमच्या घरातला रोग आहे आणि तो तिला माझ्याकडूनच आलाय. मॅच सुरू झाली. मला वाटलं होतं कंटाळा येईल, पण पहिल्या इनिंगलाच माझी नजर शॉर्टस्टॉपच्या पायांवर गेली आणि तिथेच राहिली. पोरगा चांगला होता. बॉल यायच्या आधी अर्धं पाऊल टाकत होता. मुलगी दर दोन मिनिटांनी फोन बघत होती आणि मध्येच मला म्हणत होती, "खाली नको बघू", "सरळ बस ना". मला वाटलं हिला माझी लाज वाटते आहे.

तिसऱ्या इनिंगच्या शेवटी मी उठले. आमच्या टीमचे दोन-तीन बॅटर उशिरा बॅट फिरवत होते. उजव्या हाताचा माणूस उशिरा फिरवतो तेव्हा बॉल पहिल्या बेसच्या बाजूला उघड्या बाकांवर जातो. हे कळायला काही विद्वत्ता लागत नाही. दिलेलं काम करायला आले होते, तर ते धड करावं.

"आपण तिकडे बसू," मी म्हटलं.

"नो. आई, नो. सीट्स इथे आहेत आपल्या."

"तिकडे रिकामंच आहे सगळं."

ती एकदम रडवेली झाली. मला कळेना. मी पिशवी उचलून चालू लागले आणि ती फोनवर भराभर काहीतरी लिहीत मागून आली. पहिल्या बेसची बाजू म्हणजे कॅनबेराच्या माणसांची बाजू. मागच्या रांगेत एक म्हातारा स्वतःची उशी घेऊन बसला होता. त्याने विचारलं, "मेलबर्नहून?" मी मान डोलावली. "बिचाऱ्यांनो," तो इंग्रजीत म्हणाला, "फार वाईट वर्ष गेलं तुमचं." मनापासून म्हणाला आणि उशी उचलून तीन सीटा पलीकडे सरकला.

पाचव्या इनिंगला तो बॉल आला.

बॅटच्या कडेला लागून तो उंच उडाला, आमच्या समोरच्या बाकाच्या काँक्रीटवर आपटला आणि एक टप्पा घेऊन माझ्या डाव्या बाजूला वळला. मी उठले कधी, वाकले कधी, मला सांगता येणार नाही. बॉल हातात होता. सॉफ्टबॉलपेक्षा खूपच लहान. संत्र्याची सवय असलेल्या हाताला लिंबू मिळावं तसा. आणि पुढचा विचार डोक्यात यायच्या आत मी तो फेकला. पहिल्या बेसवरच्या खेळाडूने मान वर केली तेव्हा बॉल त्याच्या छातीच्या उंचीला पोचला होता. त्याने ग्लव्ह पुढे केला. चापकन आवाज आला.

आख्ख्या बाजूतून "ओऽऽ" असा हळहळल्याचा आवाज निघाला आणि त्यामागून हशा. त्या खेळाडूने मला टोपी काढून सलाम केला, बॉलकडे पाहिलं आणि तो आपल्या टीमच्या माणसांकडे फेकून दिला. "तो ठेवायचा असतो, मेट," मागून म्हातारा म्हणाला. "ठेवायचा असतो!"

मला माहीत होतं. त्याच्यासाठीच तर सहाशे किलोमीटर आले होते. पण आमच्या कॉलेजच्या टीमकडे दोन बॉल होते. एक सरावाचा, त्याची शिवण उसवलेली, आणि एक मॅचचा, तो सरांच्या पिशवीत. बॉल बाहेर गेला की जो जवळ असेल त्याने धावत जाऊन आणायचा आणि तिथूनच फेकायचा, नीट, पिचरला, म्हणजे बॉल टाकणारीला, वाकावं लागणार नाही असा. मैदानाकडेच्या गाजरगवतात गेला तर सगळी टीम शोधायला आणि सापडेपर्यंत कोणी पाण्याला हात लावायचा नाही. बॉल हातात धरून उभं राहणं ही आमच्याकडे चोरी होती. पंचवीस वर्षांनी, मोठ्या माणसांच्या मॅचमध्ये, पोपटी कुडत्यात, मी सरांना बॉल परत दिला. तोही समोरच्या टीमच्या हातात.

मी खाली बसले. खांदा ठणकत होता. "बाबाला सांगू नकोस," मी मुलीला म्हटलं. "दुसरा येईल."

ती माझ्याकडे बघत होती. मी तिच्या जन्मात तिच्यासमोर कधी बॉल फेकलेला नव्हता. "व्हॉट वॉज दॅट?" ती म्हणाली. मी काही उत्तर द्यायच्या आत तिचा फोन थरथरला. तिने वाचलं आणि ती हसायला लागली. वाकून, पोट धरून. ते हसणं मी वर्षभर बंद दारामागून ऐकलं होतं. समोर बसून पहिल्यांदा बघत होते.

"काय झालं?"

"बाबा."

"त्याला काय कळलं?"

"ही सॉ इट." तिने पलीकडे बोट दाखवलं. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, कुंपणामागे, लोखंडी परांचीवर एक कॅमेरा होता. "मॅच ऑनलाइन दाखवतात ना. तो सकाळपासून बघतोय. तिकडे सात वाजल्यापासून."

मग तिने सांगितलं. तो कॅमेरा पिचरच्या मागून लावलेला असतो. प्रत्येक बॉलला त्याच्यात बॅटर दिसतो, आणि बॅटरच्या मागे, जाळीपलीकडे बसलेली माणसं. तिसऱ्या रांगेतली तर चेहऱ्यासकट. बॉल कडेला उडाला की कॅमेरा त्याच्यामागे वळतो, म्हणून माझी फेकही त्याला दिसली. सीटा तिने निवडल्या होत्या, पण कुठल्या घ्यायच्या ते त्याने सांगितलं होतं. पोपटी कुडता लांबून ओळखू येईल म्हणून. टोपी काढ, सरळ बस, खाली बघू नकोस, हे सगळं त्याचंच तिकडून येत होतं. आणि मी तिसऱ्या इनिंगला उठून चालती झाले होते.

"म्हणजे बॉल नको होता त्याला?"

"ही डझन्ट केअर अबाउट द बॉल, आई."

मला आधी राग आला, खोटं कशाला सांगू. दोघांनी मिळून मला बाहुलीसारखं नटवून कॅमेऱ्यासमोर मांडलं होतं. "मला विचारायचं तरी," मी म्हटलं. "पुन्हा तेच. माझ्याबाबतीत ठरवायचं आणि मला मागाहून सांगायचं."

मुलगी हसायची थांबली. "विचारलं असतं तर तू आली असतीस?" ती म्हणाली. आणि ती बोलत सुटली. "आय ॲम नॉट युअर व्हॉट्सॲप, आई. रोज तो मला विचारतो, आई जेवते का, आई झोपते का, आईने केस कापले का. आणि तू मला विचारतेस, बाबाची कंबर दुखते का, आज्जी चालते का. तुम्ही दोघं एकमेकांना का नाही विचारत? मला कंटाळा आलाय. आय ॲम टायर्ड."

इतकं सलग मराठी ती वर्षभरात माझ्याशी बोलली नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं आमच्या भांडणात तिचं वर्ष गेलं होतं. आणि मी शिक्षा द्यायला निघाले होते ती त्याला. दोन महिने चेहरा दाखवला नाही तर कळेल, असा माझा हिशेब. त्याला काय कळलं कोणास ठाऊक. मला मात्र तो रोज दिसेनासा झाला होता, आणि ते माझं मीच केलं होतं.

सातव्या इनिंगच्या मध्यावर सगळे पाय मोकळे करायला उठतात. त्या गर्दीत मी पिशवी उचलली आणि परत चालायला लागले. मुलगी मागून आली. तिसरी रांग तशीच रिकामी होती. मी माझ्या सीटवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली, मास्क काढून टोपीत ठेवला. केस कापलेले नव्हते आणि बरेच पांढरे झाले होते. ते त्याला दोन महिने माहीत नव्हतं.

समोर पिचर, त्याच्या मागे सगळं मैदान, त्याच्या मागे ती परांची. एवढ्या लांबून कॅमेरा म्हणजे नुसता काळा ठिपका. त्या ठिपक्याकडे बघून चेहऱ्याचं काय करायचं ते मला कळेना. हसणं बरं दिसलं नसतं. मी नुसती बघत राहिले.

मुलीने तिचा फोन माझ्यापुढे धरला. "मी नाही वाचणार," ती म्हणाली. "तू वाच."

दोन ओळी होत्या. पहिली मघाची: थ्रो अजून सरळ आहे. दुसरी नुकतीच आलेली: बारीक झालीस.

उत्तर न लिहिता मी फोन तिला परत दिला. "हे त्याला कधी दिसतं?" मी विचारलं. "आत्ताचं आत्ता?"

"नो, लॅग आहे. उशिरा दिसतं. फॉर्टी सेकंद्स. कधी कधी जास्त."

मी हात वर केला. मान ताठ, नजर त्या ठिपक्यावर. हाच खांदा मघाशी ठणकत होता. आइस्क्रीमचा खोका गळ्यात अडकवलेली बाई पायऱ्यांवरून खाली आली आणि माझ्यासमोर थांबून विचारू लागली, व्हॅनिला की चॉकलेट. मी तिला नको म्हणून सांगितलं, पण हात खाली घेतला नाही.